मोटारीचा विमा बंद करताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या आनंदात विम्यासारखा रुक्ष विषय घेऊन मी उभी आहे, त्याबद्दल क्षमा असावी. विमा कचेरीत माझी पुष्कळ वर्षे गेली. टेबलापलीकडे बसलेल्या बायकांच्या तोंडून एक वाक्य मी फार वेळा ऐकले : “हे सगळं घरातले पुरुषच बघत, मला काही ठाऊक नाही.” ते वाक्य आपल्यापैकी कोणावर म्हणण्याची पाळी येऊ नये, एवढ्यासाठीच कार्यवाहबाईंचे आमंत्रण मी स्वीकारले.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. मोटारीच्या विम्याचा कागद एक असला, तरी त्यात बहुधा दोन विमे असतात. एक आपल्या गाडीच्या नुकसानीचा. तो घ्यावा की न घ्यावा, ही आपली मर्जी. दुसरा तिऱ्हाइताचा, म्हणजे आपल्या गाडीखाली कोणी सापडला तर त्याला भरपाई देणारा. हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली, तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकते. दंडाचे एक वेळ सोडा. अपघात झाला तर भरपाईचा सारा बोजा आपल्या घरादारावर येतो. म्हणून पहिला नियम असा, की नवा विमा हाती आल्याशिवाय जुना सोडू नये. नवी चूल पेटल्यावर जुनी विझवावी, तसेच हे.

आता विमा बंद करण्याचे प्रसंग पाहू.

पहिला प्रसंग कंपनी बदलण्याचा. यात अवघड काही नाही. नव्या विम्याची प्रत जोडून जुन्या कंपनीला अर्ज करावा. कारण सांगण्याची सक्ती नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे, एक वर्षाच्या विम्यात त्या वर्षी दावा केलेला नसेल, तर उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात हप्ता परत मिळतो. समजा, १२,००० रुपये भरले आणि पाच महिने उरले, तर सुमारे ५,००० रुपये आपले. दावा घेतला असेल तर मात्र परताव्याची आशा धरू नये. गाडीवर बँकेचे कर्ज असेल, तर आधी बँकेला विचारावे. अर्जाची पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी.

दुसरा प्रसंग गाडी विकण्याचा. येथे पुष्कळांची समजूत अशी, की किल्ली दिली, पैसे घेतले, आपण सुटलो. तसे नाही. सरकारी नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. त्या खटल्यातली गाडी अनेक हातांतून गेली होती, तरी अपघाताची जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावरच आली. म्हणून विक्रीची खबर १४ दिवसांच्या आत आर.टी.ओ.ला द्यावी आणि नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करावा. तिऱ्हाइताचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. त्यानेही १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. गाडी दुसरीकडे विमा उतरवल्याचा पुरावा दिल्याखेरीज हा विमा रद्द होत नाही.

एक वस्तू मात्र गाडीबरोबर देऊ नका. ती म्हणजे ‘नो क्लेम बोनस’. दावा न करता वर्षे काढली की नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात २० टक्क्यांपासून चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. ही सूट गाडीची नव्हे, मालकाची. कंपनीकडून तिचे पत्र मागून घ्यावे. तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतल्यास ते उपयोगी पडते. न मागितल्यास कोणी घरी आणून देत नाही!

तिसरा प्रसंग बोलणे जड जाते, पण बोललेच पाहिजे. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचे यजमान गेले. गाडी दारात उभी. नातेवाइकांनी सल्ला दिला, “आता विमा कशाला? रद्द करून पैसे घ्या.” आणि त्याच गाडीतून जावई बँकेत, तहसीलला जात होते! बाई अर्ज घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा मी त्यांना थांबवले. मालक वारला तरी विमा लगेच संपत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा विम्याची मुदत संपेपर्यंत, यांत जे आधी येईल तोवर तो चालू राहतो. त्या अवधीत वारसाने मृत्यूचा दाखला जोडून विमा आपल्या नावावर करून घ्यावा. आर.टी.ओ.ला ३० दिवसांच्या आत कळवून गाडी नावावर करण्याचा अर्जही करावा. गाडी पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्याकडे गेली, तर बोनसही त्यांच्याकडे येतो. बाईंनी तसे केले. पुढे गाडी विकली ती स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने. सही करताना त्यांचा हात कापत होता. पण सही झाल्यावर त्या ताठ बसल्या, हे मी पाहिले आहे.

कंपनीने दाद दिली नाही तर गप्प बसू नका. आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जावे. त्यांची कार्यालये मुंबईला व पुण्यालाही आहेत. फी नाही, वकील नाही.

भगिनींनो, आज घरी गेल्यावर एवढेच करा. गाडीच्या विम्याचा कागद कोठे आहे ते विचारा. त्यावर नाव कोणाचे, मुदत कधी संपते, कंपनी कोणती, हे स्वतः वाचा आणि हिशेबाच्या वहीत टिपून ठेवा. दागिने कोठे आहेत हे आपल्याला झोपेतही सांगता येते. हा कागदही तेवढाच आपला आहे.