कामगारांचे घर किती मजल्यांवर?
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



घरांच्या लढ्यात आपण दोनच प्रश्न विचारतो : घर किती चौरस फुटांचे आणि ताबा कधी? तिसरा प्रश्न राहून जातो : इमारत किती मजल्यांची आणि तिचा दरमहाचा खर्च कोण भागवणार?

मुंबईच्या बी.डी.डी. चाळी पाहा. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे तळमजला अधिक तीन मजल्यांच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास. ते हाल आम्ही गोड करून सांगणार नाही. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळाली, ही लढ्याचीच कमाई. पण ती घरे चाळीस मजली टॉवरांत आहेत. टॉवर म्हटला की अनेक लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा, जनरेटर आलेच. हा खर्च आज दुसऱ्याने उचलला, तरी उद्या तो रहिवाशांच्याच अंगावर येतो. पगार बंद झालेल्या घराने तो कोठून भरायचा?

जागा नाही म्हणून टॉवर, असे सांगतात. मग गिरण्यांच्या जमिनी कोठे गेल्या? १९९१ च्या नियमावलीत त्यांचे तीन वाटे ठरले होते : पालिका, म्हाडा आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने फक्त मोकळ्या जागेचीच वाटणी उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कामगारांच्या वाट्याला तुकडे आले आणि तुकड्यांवर उंच इमारती.

दुसरा मार्ग आहे. व्हिएन्नाच्या नगरपालिकेने १९२३ पासून श्रीमंतांवर चढता घरकर बसवला आणि १९३४ पर्यंत ६० हजारांहून अधिक घरे बांधली. १९३० साली पुरे झालेल्या कार्ल-मार्क्स-होफमध्ये १,३८२ घरे आहेत, तीही टॉवर न बांधता, मधे मोठी अंगणे ठेवून.

म्हणून आमच्या मागण्या अशा : सार्वजनिक जमिनीवर पाच-सहा मजल्यांची घरे बांधा, वृद्ध व अपंगांसाठी लिफ्ट द्या, दोन इमारतींत उजेड-वारा खेळेल एवढे अंतर ठेवा, आणि नकाशा मंजूर होण्याआधी देखभालीचा मासिक खर्च रहिवाशांसमोर मांडा. सहा मजल्यांची लिफ्ट बंद पडली, तरी बहुतेकजण जिन्याने घरी पोहोचतात. चाळिसाव्या मजल्यावरचा माणूस अडकतो.

घर मिळवणे ही अर्धी लढाई. त्या घरात टिकून राहणे ही उरलेली अर्धी. ती आराखड्याच्या कागदावरच लढावी लागेल.