मधुमेह आणि रक्तक्षय



मधुमेहाविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. परंतु त्याच्या आडून येणाऱ्या रक्तक्षयाकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

हिमोग्लोबिन हे रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य होय. प्रौढ पुरुषात ते डेसिलिटरमागे १३ ग्रॅमच्या आणि गर्भवती नसलेल्या स्त्रीत १२ ग्रॅमच्या खाली गेले, म्हणजे रक्तक्षय समजावा. तांबड्या पेशींच्या उत्पत्तीस प्रेरणा देणारा स्राव मुख्यतः मूत्रपिंडात तयार होतो. मधुमेहाने मूत्रपिंडे दुबळी झाली, की तो उणा पडतो. मेटफॉर्मिन हे उपयुक्त औषध. पण ते दीर्घकाळ घेतल्याने काहींच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व घटते. शाकाहारी मंडळींना तर ते दूधदुभत्यातूनच काय ते मिळते.

रक्त उणे झाले की थकवा येतो, धाप लागते, आणि माणूस वयाला बोल लावून स्वस्थ बसतो. इकडे हृदयावरील भार वाढत असतो.

एका वृद्ध मातोश्रींची हकीकत सांगतो. त्यांची घरी तपासलेली साखर बेताची असे. परंतु दोनतीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी चाचणी चढी आली. प्रसादाचे पेढे चोरून खाता, असा घरच्यांनी त्यांच्यावर आळ घेतला. मीही तसेच मानून औषध वाढविले. एके पहाटे साखर उतरून त्यांना दरदरून घाम फुटला. तेव्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन होते अवघे ८! मूळव्याधीतून रक्त जात होते. संकोचाने त्या बोलल्या नव्हत्या. लोहाच्या उणिवेमुळे ही चाचणी वाजवीपेक्षा चढी दिसू शकते. उलट, रक्तपेशी लवकर नष्ट होत असतील, तर ती फसवी उतरते. मूळव्याधीवर उपचार झाले, लोह दिले, आणि पुढील चाचणीचा आकडा खाली आला. मी त्या माउलीची क्षमा मागितली.

म्हणून विनंती अशी, की मधुमेही व्यक्तीने वर्षातून एकदा तरी हिमोग्लोबिन व मूत्रपिंडांची तपासणी करून घ्यावी. लोहाच्या गोळ्या आपल्याच मनाने घेऊ नयेत. आधी कारण शोधावे. आणि घरातील वृद्ध 'थकवा येतो' म्हणाले, तर त्यांच्यावर रागावण्यापूर्वी त्यांचे रक्त तपासावे.