आकाशातील मालवाहतूक आणि कोरडवाहू शेतकरी

2 एप्रिल 2023 रोजी चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलेले ‘इस्रो’चे पंखधारी यान आपोआप धावपट्टीवर उतरले. असे यान पुनःपुन्हा उडवता आले, तर कक्षेत माल नेण्याचा खर्च घटेल. 2035 पर्यंत उभारावयाच्या भारतीय अंतराळ स्थानकाला रसद पोचवणे सुकर होईल.

ही विद्या जनतेच्या पैशावर आणि वालचंदनगर-विक्रोळीच्या कामगारांच्या कौशल्यावर वाढली. 2020 पासून हे क्षेत्र खाजगी भांडवलाला खुले झाले. अमेरिकेतही 2012 साली खाजगी मालयान अंतराळ स्थानकास पोचले, ते सरकारी पैशाच्या आधारानेच. जोखीम समाजाची आणि नफा मालकाचा, ही वाटणी न्याय्य नव्हे.

धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्याचा याच्याशी संबंध काय? उपग्रह स्वस्तात वर गेले, तर पीक-पाण्याची माहिती अधिक बारकाईने मिळेल. 2023 च्या धोरणानुसार 5 मीटरपेक्षा सूक्ष्म उपग्रहचित्रे शासकीय संस्थांना मोफत आहेत. इतरांना त्यांचे दाम मोजावे लागते. ग्रामपंचायत हीही शासनसंस्थाच आहे. तेव्हा विरोध विज्ञानाला नाही. ही चित्रे मराठी स्पष्टीकरणासह प्रत्येक ग्रामपंचायतीत लागावीत, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव ग्रामसभेत मांडली पाहिजे.