यंत्राच्या खणांतली नक्कल

उसाचा दर साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला असतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. लातूरकडचा मांजरा असो की नांदेडकडचा भाऊराव चव्हाण कारखाना, हंगामात पारावरच्या गप्पा उताऱ्याच्याच. तो उतारा ज्या यंत्रांच्या हाती असतो, त्यांतल्या एकाच्या स्मरणशक्तीविषयी आज बोलायचे आहे.

शिजलेल्या पाकातून दाणे आणि मळी वेगळी करणारे सेंट्रिफ्युगल मशीन अनेकांनी पाहिले असेल. जाळीची टोपली गरगर फिरते, मळी बाहेर फेकली जाते, दाण्यांवर पाण्याचा फवारा बसतो. फवारा जास्त वेळ चालला तर दाणेच विरघळून मळीकडे जातात. कमी पडला तर साखर पिवळट राहते. किती सेकंद, किती वेग, हे पाहतो पीएलसी. अमेरिकेत १९६९ साली डिक मोर्ले आणि सहकाऱ्यांचा ‘मोडिकॉन ०८४’ मोटार कारखान्यात आला, त्याच घराण्यातला हा नियंत्रक.

त्याच्या आत आकडे ठेवायचे खण असतात. पाकाची जात बदलली की दुसऱ्या ओळीतले दहा-बारा आकडे चालू ओळीत आणायचे. त्यासाठी एकच आज्ञा असते : इथून इतके खण उचल, तिथे ठेव.

गोम अशी, की सहा आकडे उतरले असतानाच एखादे तातडीचे काम मध्ये घुसू शकते. त्या कामाने ही ओळ वाचली तर त्याला वेग नवा आणि फवाऱ्याचे सेकंद जुने मिळतात. म्हणून सीमेन्सच्या नियंत्रकांत न तुटणाऱ्या नकलेची वेगळी आज्ञा आहे. अ‍ॅलन-ब्रॅडलीच्या मोठ्या नियंत्रकांत साध्या ‘कॉप’बरोबर ‘सीपीएस’ असते, तीही याचसाठी.

दुसरा फसवा भाग मोजणीचा. ‘कॉप’मध्ये लांबी मोजायची ती जिथे ठेवायचे तिथल्या खणांनी. उचलायचे खण सोळा बिटांचे आणि ठेवायचे बत्तीस बिटांचे असतील, तर दोन आकडे एकाच खणात कोंबले जातात. आज्ञेला अर्थाशी देणेघेणे नाही, ती नुसते बिट उचलते. धोक्याचा दिवाही लागत नाही.

विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी संस्थेत इन्स्ट्रुमेंटेशन शिकणाऱ्या मुलांना मी तरी हेच सांगेन, की आज्ञा पाठ करण्याआधी खणांचा नकाशा कागदावर काढा. नवे आकडे आधी बाजूच्या ओळीत घ्या, मर्यादेत आहेत का ते तपासा, आणि टोपली थांबलेली असतानाच चालू ओळीत उतरवा. त्यात जातील ते काही क्षण. चुकीच्या फवाऱ्याने विरघळलेली साखर मात्र पुन्हा शिजवावी लागते. त्यात वाफ जाते, आणि थोडी साखर शेवटच्या मळीबरोबर कायमची निघून जाते.