सार्वजनिक सभांतील ठराव आणि आपण
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



कोणत्या विषयावर बोलावे, असे आम्ही चिटणीसांस विचारले, तेव्हा "काही उपयोगाचे बोला" एवढेच उत्तर मिळाले. म्हणून आज ठरावांविषयी बोलणार आहोत. ठराव म्हटला की आपणांस हार, आभार आणि चहापान आठवते. परंतु एका ठरावाची हकीकत ऐकावी.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, हा त्याचा आशय. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर काम पुरे झाले. गावाने मात्र ते मानले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले, तेव्हा त्या लोकांवर हल्ला झाला. पुढे त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव रद्द केला. बोले यांच्या ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती! प्रकरण न्यायालयात गेले, आणि तळ्यावरील हक्क उच्च न्यायालयात कायम होण्यास १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. ज्या सभेने दिले तिनेच काढून घेतले. हात वर करण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्यात.

त्या काळी आपली ज्ञाती कोणत्या बाजूस होती, हे या व्यासपीठावरून आजवर कोणी विचारलेले नाही. आपल्या आजोबांनी आपल्या विहिरीवर कोणास चढू दिले नाही, हे मात्र आपण सर्वच जाणतो.

आता आजचे पाहू. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार ग्रामसभेची गणपूर्ती शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट उरत नाही. (आमच्या ज्ञातिसंस्थेची वार्षिक सभाही बहुधा याच मार्गाने पार पडते, हे कोषाध्यक्ष सांगतील.)

काही वर्षांपूर्वी १५ ऑगस्टला आमच्या गावी अशीच सभा भरली. ओढ्यापलीकडील वस्तीस नळ नेण्याचे काम आराखड्यात होते. सभा तहकूब होऊन पुन्हा भरली ती सतरा माणसांची. त्या सतरांनी ते काम वगळून पैसे देवळापुढील फरसबंदीस दिले. आम्ही त्या वेळी तालुक्याच्या गावी याच संस्थेच्या गुणगौरव समारंभात टाळ्या वाजवीत होतो.

पुढे इतिवृत्त मागून वाचले. सूचक व अनुमोदक दोघेही आपल्याच आडनावाचे; उपस्थितांत तिसरी सही आमच्या सख्ख्या पुतण्याची. त्यास विचारले, तर म्हणाला, "काका, सगळ्यांनी हात वर केला, म्हणून मीही केला."

२ ऑक्टोबरच्या सभेस आम्ही घरोघर फिरून माणसे नेली. ओढ्यापलीकडील बायाही आल्या व बोलल्या. गणपूर्ती झाली, विषय पुन्हा घेण्यात आला, काम आराखड्यात परत आले. या वेळी पुतण्याने हात वर केला तो आमच्याकडे न पाहता. नळ अद्याप पोहोचलेला नाही; त्याकरिता पुढच्या सभेस जावयाचे आहे, आणि संमेलनाची तारीख त्या दिवशी ठेवू नये अशी आमची चिटणीसांस विनंती आहे.