शाईच्या चित्रांविषयी चार शब्द

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगी केलेले भाषण)



सभागृहाच्या भिंतीवर आम्ही जी काळी चित्रे लावविली आहेत, त्यांविषयी एका तरुणाने आज सकाळी आम्हांस पुसले, "फादर, ही युद्धाची चित्रे कशी? यांत बंदूक नाही, शिपाई नाही." प्रश्न उचित आहे.

ही चित्रे चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५–१९७८) या बंगाली चित्रकाराची. १९४३ च्या नोव्हेंबरात तो मिदनापूर जिल्ह्यात गावोगाव हिंडला आणि दुष्काळाने गांजलेली माणसे त्याने शाईने कागदावर उतरविली. त्या दुष्काळाच्या मुळाशी युद्ध होते. १९४२ च्या मार्चमध्ये जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. शत्रू किनाऱ्यावर उतरेल या भयाने सरकारने किनारपट्टीतील तांदूळ हलविला, होड्या जप्त केल्या. ऑक्टोबरात वादळाने मिदनापूर झोडपले. लष्करी खर्चाने भाव असे चढले की मजुराच्या मजुरीत पोटापुरते धान्य येईना. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लक्ष धरली. पुढील कित्येक अभ्यासक ती ३० लक्षांपर्यंत नेतात.

आपण धानाच्या मुलखातली माणसे. तेव्हा एक गोष्ट आपणांस अधिक बोचावी. बंगालात सर्वांत जास्त कोण पोळले? शेतमजूर, कोळी आणि दुसऱ्यांचे धान कांडून पोट भरणाऱ्या बाया. ज्यांच्या हातांवरून तांदूळ गेला, त्यांच्याच ताटात तो पडला नाही.

आता चित्रांकडे पाहा. रंग नाही. काळी रेघ आणि कोरा कागद, एवढेच साहित्य. रेघ बरगडीवरून जाते तेव्हा जाड होते, जणू हाडाखेरीज तिला टेकावयास दुसरे काही उरले नाही. करुणा उत्पन्न व्हावी म्हणून कोणाचा चेहरा सुंदर केलेला नाही. प्रथम आम्ही ही चित्रे पाहिली तेव्हा पान झटकन उलटले होते, हे येथे कबूल करतो.

पुन्हा पान मागे घेतले ते नावांमुळे. चित्तप्रसादाने कित्येक चित्रांसोबत त्या माणसाचे नाव आणि गाव टिपून ठेविले आहे. आमच्या दफनाच्या नोंदवहीत आम्ही हेच लिहितो: नाव, वय, गाव. लक्षांचा आकडा ऐकून मनुष्य मान हालवितो आणि जेवावयास बसतो. नाव वाचले की घास थोडा अडतो. मृतांना पुरावयासही जेथे कोणी उरले नव्हते, तेथे त्या परक्या चित्रकाराने निदान एवढी नोंद केली. आमच्या मते त्या चित्रांचे खरे बळ रेषेहूनही यात आहे.

त्याचे 'हंग्री बेंगाल' हे पुस्तक १९४३ मध्ये आपल्या मुंबईतच छापले गेले. सरकारने त्याच्या ५,००० प्रती जप्त करून जाळल्या. चित्रकाराच्या कुटुंबाकडे एक प्रत राहिली. तिच्यावरून २०११ मध्ये ते पुन्हा छापले गेले. स्वतः चित्तप्रसाद १९४६ पासून पुष्कळ वर्षे मुंबईतच, अंधेरीस, साधेपणाने राहिला.

चित्रे सायंकाळपर्यंत भिंतीवर राहतील. भोजनाच्या मंडपाकडे जाण्याची वाट त्यांच्यावरूनच आहे. ती आम्ही जाणूनबुजून तशी ठेविली आहे.