दशसूत्रीतलं सातवं सूत्र

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका ग्रामसंघाच्या सचिवताईंनी केलेलं भाषण)



दर बैठकीत आपण दशसूत्री म्हणतो. त्यातलं सातवं सूत्र शिक्षणाचं. बचत, कर्ज, परतफेड यांचा आपल्याकडं पै-पैचा हिशेब आहे. सातव्याचा कुठं आहे? मागच्या महिन्यात मी आमच्या गटाची इतिवृत्ताची वही पहिल्या पानापासून चाळली. शिक्षणावर एक ओळ सापडली नाही. आणि वही लिहिणारी मीच!

आपला भाग ऊसतोडीचा. मुकादमाची उचल घेतली की दसरा-दिवाळीला कोयता कारखान्यावर जातो, तो पाडव्याच्या आसपास परत येतो. लेकराचं नाव शाळेच्या पटावर राहतं आणि लेकरू फडातल्या कोपीवर. त्यातही पोराला आजीजवळ ठेवतो, पोरीला सोबत नेतो. का? तिला कुणाच्या भरवशावर ठेवायचं? शिवाय धाकट्याला सांभाळायला, पाणी भरायला ती लागतेच.

मी माझ्या थोरलीला तिसरीपासून असंच नेलं. सातवीत ती म्हणाली, “आई, वर्गात मला काहीच कळत नाही. मी नाही जात.” मीही म्हटलं, राहू दे. आज लेक-जावई जोडीनं कोयत्यावर आहेत. नात पहिलीत आहे. तिला मी यंदा जाऊ देणार नाही, हे तुमच्या सगळ्यांसमोर सांगते.

बायांनो, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक लेकराला शाळेचा हक्क दिलाय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया लागतात. म्हणजे त्या खुर्च्या आपल्या आहेत. पण आपण काय करतो? रजिस्टर घरी आलं की सही करतो, अन् बैठकीला जात नाही.

मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. त्यासाठी शाळेकडून यादी वेळेवर जावी लागते. मागच्या वर्षी आमच्या गावची यादी उशिरा गेली. मंजुरी येईपर्यंत निम्मी लेकरं गाडीत बसून गेली होती. चूक आमचीही होती, आम्ही दिवाळी तोंडावर आल्यावर जागे झालो.

म्हणून माझं तीन गोष्टींचं मागणं आहे.

एक, पोळ्याच्या आधी प्रत्येक गटानं आपल्या सदस्यांच्या घरची यादी करावी. कोण जाणार, कोणतं लेकरू मागं राहू शकतं, कुणाजवळ. ती यादी ग्रामसंघाच्या ठरावासोबत मुख्याध्यापकांना द्यावी आणि पोच घ्यावी.

दोन, ज्या लेकराला न्यावंच लागतं, त्याचं शिक्षण हमी कार्ड शाळेतून घेऊनच गाडीत बसावं. तिकडच्या शाळेत ते दाखवावं. दाखला नाही म्हणून कायद्यानं प्रवेश अडवता येत नाही.

तीन, महिन्यातल्या एका बैठकीत पाच मिनिटं शाळेची. कुणाची पोरगी आठ दिवस गेली नाही, का गेली नाही, हे वहीत लिहायचं. हप्ता चुकला तर आपण घरी जातो ना? मग पोरीची शाळा चुकली तरी जाऊ या.

पुढच्या सभेला माझ्या गटाची वही घेऊन येते. तुम्हीही तुमची आणा.